रीतीचे गुण

दारव्ह्यातील आमच्या घराच्या ओसरीत एक काळा फळा टांगलेला आहे. शाळेने पांढरे फळे घेतले तेव्हा टाकून दिलेल्यांपैकी हा एक मी मागून आणला. माझ्या मुलीला सिकलसेल आहे. दुखणे उठले की तिची शाळा बुडे, आणि बुडालेला भाग मी संध्याकाळी या फळ्यावर शिकवीत असे.

आजार समजायला कठीण नाही. निरोगी तांबडी पेशी चकतीसारखी गोल आणि लवचिक असते. सिकलसेलमध्ये पेशीतील हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त पोहोचत नाही. मुलीच्या डाव्या खुब्याचे हाड असेच मेले. गेल्या वर्षापासून फुप्फुसांची पाळी सुरू झाली, आणि गोळ्यांचा उपयोग कमी होत गेला.

माझी एक विद्यार्थिनी, आमच्या गल्लीतील गॅरेजवाल्या मिस्त्रींची मुलगी, युरोपात संशोधन करते; माझी मुलगी तिला आपा, म्हणजे ताई, म्हणते. रेणू एकमेकांना चिकटण्यापूर्वी नेमका कोठे आणि कसा वळतो, हे तिला पाहायचे आहे. ती जागा कळली, तर तेथे बसून चिकटणे रोखणारे औषध शोधता येईल. त्यासाठी तिला क्ष-किरणांचा लेझर हवा होता. असे लेझर जगात मोजकेच आहेत. लांब भुयारातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात, चुंबकांच्या रांगेतून त्यांना नागमोडी नेले जाते आणि त्यातून क्ष-किरणांचे अतिशय तीव्र, अतिशय अल्पजीवी स्पंद निघतात. हिमोग्लोबिनचे बारीक स्फटिक द्रवाच्या केसाहून पातळ धारेतून सोडायचे. स्पंद आदळला की स्फटिक नष्ट होतो; परंतु तो नष्ट होण्यापूर्वीच त्याची नोंद उमटलेली असते. अशा हजारो नोंदी जुळवल्या की रेणूचे चित्र मिळते.

हे मी फळ्यावर काढून दाखवले. मुलगी काठीवर हनुवटी टेकून पाहत होती.

"म्हणजे फोटो निघते, अन् ज्याचा काढला तेच राहत नाही?"

"बरोबर."

"माह्यावाणीच हाय मंग. माह्या बी दर एक्सरेच्या फोटोत काहीतरी कमीच होऊन राह्यलं."

लेझरवर वेळ मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि बहुतेक अर्ज परत येतात. विद्यार्थिनीचा मंजूर झाला त्या दिवशी मिस्त्री पेढ्यांचा पुडा घेऊनच आले.

"मास्तर, पोरीले मशीन भेटली!"

"मिस्त्री, परीक्षेला बसायची परवानगी मिळाली आहे. पेपर अजून व्हायचा आहे."

"नंबर लागला म्हंजे पासच, मास्तर! आरटीओत कधी गेलते का तुम्ही?" मग मुलीकडे वळून, "बेटा, तुह्या खुब्याचा नटबोल्ट आता तिकडूनच येते पाहा."

"फिटिंग तुम्हीच कराल ना, चाचा? मंग नको बाप्पा. तुम्ही लावलेली चेन दिग्रस रोडलेच पडते."

आमच्या आळीत पेढे पोहोचले म्हणजे काम झाले, अशी समजूत आहे. मी दारोदार खुलासा करीत फिरलो; सर्वांनी मान डोलावली आणि पेढा तोंडात टाकला. मुलीला सारे कळत होते. तरीही आमच्या घरात जो शब्द आम्ही टाळत असू, तो तिच्या बोलण्यात आला : पुढल्या वर्षी. पुढल्या वर्षी मी जिना चढून गच्चीवर बसीन, असे म्हणून तिने मिस्त्रींकरवी एक खुर्ची वर नेऊन ठेवली.

प्रयोगाच्या दिवसांत दुपारी विद्यार्थिनीचा फोन येई.

"सर, धार तुंबून राह्यली. नळी साफ केली का पुन्हा तेच."

पुढच्या फोनमध्ये स्फटिक लहानमोठे निघाल्याचे कळले. ती अडचण दूर होऊन धार एकदाची नीट वाहू लागली, तेव्हा यंत्रच बंद पडले. ते दुरुस्त होईतो तिची वेळ संपत आली होती.

"चित्रं आली सर, पण थोडी. त्याच्यातून काहीच ओळखू येत नाही. पुन्हा अर्ज करतो. रांग लय मोठी हाय."

मुलीने मला फोन ठेवू दिला. मग म्हणाली, "बाबा, फळ्यावर मांडा. तुमच्या पद्धतीनं."

माझी पद्धत म्हणजे दिलेले, काढायचे, रीत, उत्तर. मी रीतीच्या पायऱ्या लिहिल्या : पुन्हा अर्ज, पुन्हा वेळ, पुरेशी चित्रे, योग्य रेणूचा शोध, प्राण्यांवर चाचणी, माणसांवर चाचणी, परवानगी, आणि शेवटी यवतमाळचा सरकारी दवाखाना. प्रत्येक पायरीवर ती विचारी, "किती वर्षं?" मी अंदाज लिही; जेथे अंदाजही करता येत नव्हता, तेथे प्रश्नचिन्ह काढी. बेरीज तिने करायला सांगितली नाही. तिची बेरीज माझ्याहून चांगली आहे.

"मी कितव्या पायरीपर्यंत असीन?"

मी 'उत्तर' लिहिले, पुढे दोन टिंबे दिली आणि खडू तेथेच टेकवून उभा राहिलो. डॉक्टरांनी फुप्फुसांविषयी जे सांगितले होते, ते आम्ही दोघांनी एकत्रच ऐकले होते.

"राहू द्या," ती म्हणाली. "उत्तर नाही आलं तरी रीतीचे गुण भेटतात ना?"

"भेटतात."

"मंग आपाले पूर्ण द्या. तिची रीत बरोबर होती." थोड्या वेळाने तिने शेकायला गरम पाण्याची पिशवी मागितली.

मी विद्यार्थिनीला ते गुण कळवले. तिने पुन्हा अर्ज केला आहे.

फळ्यावर रीत मांडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, तेव्हा मुलीने त्यांना गच्चीवरची खुर्ची खाली आणायला सांगितले. "कायले बेटा?" असे विचारता विचारता त्यांची नजर फळ्यावर गेली. ते जिना चढले, खुर्ची घेऊन आले, आपल्या रुमालाने तिच्यावरची धूळ पुसली आणि ती फळ्याखाली, भिंतीला टेकवून ठेवली.