तीन भांडी, वीस मिनिटं

शोभाताई ढवळे कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नसत. दंडाला रबरी पट्टी बांधता बांधता त्या विचारत, “काल काय खाल्लं?” आणि उत्तर पुरं व्हायच्या आत त्यांचं तोंड वाकडं होई. नाक वर जाई, खालचा ओठ बाहेर येई आणि घशातून बारीकसा ‘श्शी’ निघे. मग सुई. घाटंजीच्या बस स्टँडमागच्या गल्लीतल्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये त्या कित्येक वर्षं हेच करत होत्या. गावात म्हणायचे, बाईचा हात इतका हलका की सुई कळत नाही, पण तोंड मात्र दिवसभर विसरता येत नाही.

मी तेव्हा घाटंजीजवळच्या एका शाळेत बदलून आलो होतो. बायको अकोल्याला बँकेत, मुलगा तिच्याजवळ. मी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो आणि जेवत होतो मिळेल तिथे. सकाळी तर्रीपोहे, दुपारी समोसा, रात्री हॉटेलातली शेवभाजी. वर्गात दोनदा चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या.

शोभाताईंनी रक्त काढलं, नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीचं तोंड केलं आणि बाकावर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने त्यांनी मला आत बोलावलं. स्टँडमध्ये एक काचेची नळी उभी होती. तळाशी काळपट लाल गाळ आणि त्यावर दोन बोटं पांढरंफेक, दाट, सायीसारखं काहीतरी.

“हे काय आहे?”

“तुमचं रक्त हाय. यंत्रात फिरवलं का लाल खाली बसते, वर पिवळं पाणी राह्यते. तुमच्यात पाणी दिसून राह्यलं काय कुठं?”

“खराब झालं का ते?”

“खराब झालं नाई, सर. खराबच आलं. आन् हे उपाशीपोटीचं हाय!”

ती चरबी होती, हॉटेलातल्या कढईतली, आणि ती माझ्या अंगातून फिरत होती. मी तोंड फिरवलं तशा त्या नळी माझ्या नजरेसमोर घेऊन आल्या. “पाहा. कागदावरचा आकडा माणूस घडी घालून खिशात टाकते. नळी टाकता येत नाई.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरी करून खा म्हणाले. मी खोलीवर आलो आणि बऱ्याच दिवसांनी स्वयंपाकघराचा दिवा लावला. कोपऱ्यातल्या कढईत केव्हातरी भजी तळून उरलेलं तेल घट्ट होऊन बसलं होतं. त्यात एक झुरळ पाय वर करून रुतलेलं होतं. फ्रिजमधल्या डब्याचं झाकण उघडलं तर आत हिरवी लव उगवलेली. ते पूर्वी काय होतं हे ओळखता येईना. ओट्याला हात लावला तर बोटं चिकटली. मला त्या खोलीची किळस आली, आणि त्याहून जास्त, रोज तिथे झोपून उठणाऱ्या माणसाची.

आता करून खायचं ठरवलं, पण काय? मोबाइलवर शोधलं. तिथल्या बायका पांढऱ्याशुभ्र ओट्यावर विदेशी भाज्या चिरत होत्या. त्यातल्या निम्म्या भाज्यांची नावं घाटंजीच्या बाजारात घेतली असती तर भाजीवालीने मला वेड्यात काढलं असतं. शेवटी ओट्सचं पाकीट आणलं. शिजवलं. ते भिंतीला कागद चिकटवायच्या खळीसारखं झालं. दोन घास घेतले, तिसरा मोरीत थुंकला आणि चपला घालून थेट हॉटेल गाठलं.

पुढच्या तपासणीला हे शोभाताईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ओट्स त्यांच्याच पदरात थुंकलो होतो.

“मोबाइलात काय दिसते ते कायले पाहता? बाजारात काय दिसते ते पाहा.”

आणि आठवडी बाजाराच्या दिवशी लॅब सुटल्यावर त्या खरंच माझ्यासोबत आल्या. चवळाईच्या जुड्या, गवारीच्या शेंगा, सांभार म्हणजे कोथिंबीर, जवस. माझ्या पिशवीत एकेक टाकत त्या बोलत होत्या. “तीन भांडी, वीस मिनिटं. चौथं भांडं निघालं का माणूस हाटेलात जाते. कुकरात खाली वरण, वर भात. शिट्ट्या होऊन राह्यल्या तवर कढईत भाजी. झालं. तिखट-मीठ-लसूण, बस्स. मसाल्याची पाकिटं फेकून द्या.”

“आणि रोज काय करायचं ते सुचायला पाहिजे ना?”

“सुचाले काय कविता हाय? सकाळी दात घासता घासता ठरवाचं. भूक लागल्यावर ठरवलं का पाय आपोआप शेवभाजीकडं जाते.”

पहिल्या दिवशी फक्त वरण करायचं, भाजीचा विचारही करायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. वरण खाली लागलं. जळक्या वासाने नाक भरलं, तरी मी तेच खाल्लं. मग उकडपेंडी शिकलो. ज्वारीचं पीठ कांदा-मिरचीच्या फोडणीत भाजायचं, ताक-पाण्याचा हबका मारायचा आणि झाकून वाफ आणायची. सकाळचे तर्रीपोहे सुटले. भाकर मात्र महिनाभर भारताच्या नकाशासारखी होत होती. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “नकाशा पोटात गेला का गोलच होते.”

पावसाळा सरला तेव्हा पुन्हा रक्त दिलं. या वेळी त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. वरचं पाणी पिवळसर, स्वच्छ होतं. पलीकडची भिंत दिसत होती. “हां,” त्या म्हणाल्या. “आता माणसाचं दिसून राह्यलं.” एवढंच. हसल्यासुद्धा नाहीत.

दिवाळीनंतर एकदा शाळेतून येताना लॅबमध्ये डोकावलो तर त्या नव्हत्या. लॅबचे डॉक्टर म्हणाले, परवा काम करता करता चक्कर येऊन पडल्या, घरी आहेत. मी खोलीवर जाऊन मुगाचं वरण, मऊ भात आणि चवळाईची भाजी केली, डबा भरला आणि त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. त्या पलंगावर पडल्या होत्या, चेहरा कागदासारखा.

“ताट कुठे आहे?” असं म्हणत मी स्वयंपाकघरात गेलो आणि थांबलो. ओट्यावर कुकर होता, पण त्यावर धुळीचा थर. आतली रबरी रिंग वाळून तडकलेली. गॅसवर चहाचं पातेलं, त्यात जुन्या चहाचे एकावर एक काळे कंगोरे. साखरेच्या डब्याला मुंग्या. फळीवर टोस्ट आणि बिस्किटांचे पुडे रचलेले. आणि वाटीत चहात भिजून लगदा झालेली बिस्किटं, वर माशी. ते त्यांचं दुपारचं जेवण होतं.

मला संताप आला. या बाईने मला वरणाची शपथ घालावी, माझ्या ताटाला नाक मुरडावं, आणि स्वतः हा चिखल खावा? मी वाटी उचलून त्यांच्यासमोर नेली.

“हे काय आहे, ताई?”

त्या भिंतीकडे वळल्या. “नऊ वर्षं झाली आमच्या मालकायले जाऊन. यष्टीत डायव्हर होते. दोन वेळा ताजी भाकर लागे त्यायले. मंग पोरगी पुण्याले गेली. एकटीसाठी कोण भाकर थापते, सर? तवा तापते तवर भूक मरते.”

“आणि गावाला काय सांगता?”

“गावाले सांगाले काय जाते? लोकायच्या खाण्याची किळस केली का आपल्या ताटाकडं पाहाचं राहून जाते.” त्या उठून बसल्या. “तुमच्या नळीची नाई येवढी घाण वाटली, जेवढी मले या वाटीची वाटते. रोज वाटते. तरी रोज तेच खाते.”

मी वाटी मोरीत ओतली, ताट वाढलं आणि समोर बसलो. चार घास त्यांनी खाल्ले. पाचव्याला डोळे भरले. पण भाजी अळणी आहे हे सांगायला त्या विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना लॅबमध्ये नेलं. हजारोंचं रक्त काढणाऱ्या बाईने स्वतःचं कधी तपासलंच नव्हतं. हिमोग्लोबिन पाहिजे त्याच्या निम्म्यावर आलं होतं. औषधं सुरू झाली. मी पुण्याला मुलीला फोन केला. ती येऊन आठ दिवस राहून गेली. ती गेल्यावर टोस्टचे पुडे परत फळीवर येणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेव्हा शोभाताईंनीच तोडगा काढला. एक दिवस त्यांनी दोघांचं करायचं, एक दिवस मी, आणि डबा लॅबच्या बाकावर ठेवायचा. “दुसऱ्याच्या तोंडात जाणार म्हटलं का हात चालते,” त्या म्हणाल्या. गल्लीतल्या दोन-चार जणांनी डोळे मोठे केले. शोभाताईंनी त्यांना विचारलं, “काल काय खाल्लं?” ते आपापल्या घरात शिरले.

दीड वर्ष हे डबे चालले. त्यांच्या हातची तुरीच्या सोल्यांची, म्हणजे सोललेल्या हिरव्या दाण्यांची, आमटी मला माझ्या आईच्या आमटीहून आवडायला लागली, हे मी घरी कधी सांगितलं नाही.

मग माझी अकोल्याला बदली झाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण डोळ्यांसमोर टोस्टच्या पुड्यांची ती फळी यायची. जायच्या दिवशी त्या बस स्टँडवर आल्या. मी धीर करून विचारलं, “ताई, आता डबा कोणासोबत?”

“समोरच्या काकडे काकू. त्याबी टोस्टावर होत्या. परवा त्यायच्या घरात शिरून पाहिलं. श्शी! काय ते भांडे, काय तो वास! आजपासून त्यायच्यासंगं डबा, पयली पाळी माझी हाय.” त्यांनी हातातली ज्वारीची पिशवी दाखवली. “चक्की बंद होईन. जाते मी.”

आणि बस सुटायची वाट न पाहता त्या भराभरा चक्कीकडे निघून गेल्या.