घड्याळजींना जागा हवी आहे

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच घड्याळजींचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसले की तासभर हा माणूस एक शब्द बोलत नाही, आणि मला तर बोलल्याशिवाय चहा पचत नाही. तरी बावीस वर्षं आमचं जमलंय. त्यांच्या घरमालकाने महिनाअखेर घर सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांच्यापेक्षा माझंच डोकं जास्त फिरलं.

कारण होत्या वहिनी. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. दुपारी शेजाऱ्यांची दारं वाजवायच्या, गॅस चालू ठेवून बाहेर पडायच्या. घरमालक वहिनींच्या तोंडावरच म्हणाला, "उद्या काही बरंवाईट झालं तर निस्तरायचं कोणी?" गाव एवढंसं, आम्ही जाऊ तिथे बातमी आधीच पोचलेली. पाच ठिकाणी नकार मिळाला. कुणाचा मुलगा परत येणार होता, कुणी रंगकाम काढलं होतं. खोटारडे लेकाचे!

सहावी जागा मी शोधली. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मालकीणबाई परगावच्या. वहिनींना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून बरोबर न्यायचं ठरलं. मी घड्याळजींना बजावलं, "आजाराबद्दल अवाक्षर काढू नका."

"विचारलं तर?"

"मी आहे ना! हे तोंड कशाला दिलंय देवाने?"

खोल्यांत शिरताच वहिनी खुलल्या. मालकीणबाईंच्या हाताला धरून त्याच घर दाखवायला लागल्या. "हवा बघा कशी येते. मोरीचा उतार तेवढा उलटा आहे, पण करून देऊ आम्ही." मालकीणबाईंना हसू आलं. मला वाटलं, जमलं! घड्याळजींचा चेहरा मात्र उतरत चालला होता. त्यांचं स्वतःचं घर होतं तेव्हा मागच्या खोल्या वहिनीच भाड्याने देत, आणि अगदी अशाच बोलत, हे मला नंतर कळलं.

मग मालकीणबाईंनी विचारलं, "घरात आजारी वगैरे कोणी नाही ना? मी लांब असते, म्हणून विचारते."

मी तोंड उघडणार तोच घड्याळजी बोलले. "माझी बायको आजारी आहे. तिला काही आठवत नाही. पण मी काम घरीच आणीन. तिला क्षणभरही एकटी सोडणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आत्ताच वाचा फुटायची होती! पण मालकीणबाई चिडल्या नाहीत. "तुम्ही घरातच असणार असाल तर..." म्हणत त्यांनी किल्ली पुढे केली.

वहिनींनी मध्येच हात घालून ती घेतली. घड्याळजींकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका हं भाऊ. तुम्ही सज्जन दिसता. पण घरात आजारी बाई असेल तर आम्ही जागा देत नाही. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर निस्तरायचं कोणी?"

मालकीणबाई घाबरल्याच. "मुलाला विचारून कळवते," म्हणाल्या आणि वहिनींच्या हातातून हळूच किल्ली काढून घेतली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

"बरं," एवढंच म्हणून घड्याळजी जिना उतरू लागले. वहिनी दारात उभ्या राहिल्या. "सावकाश जा, पायऱ्या उंच आहेत," त्यांनी मागून सांगितलं.

घड्याळजी अर्ध्यावर थांबले. मग त्यांना न्यायला परत वर आले.