शेवटचा नंबर

बस स्टँडच्या दोन नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या तिकीटबाईचा एक खाक्या होता: ओळखपाळख घरी, इथे रांग म्हणजे रांग. सख्खा दीर एकदा घाईघाईत पुढे घुसला, तर त्यालाही तिने "भावजी, मागे व्हा" म्हणून शेपटाला उभं केलं. त्याची गाडी सुटली. सहा महिने तो घरी फिरकला नाही, आणि ही बाई मात्र ते ज्याला त्याला कौतुकाने सांगायची. "भीड भिकेची बहीण," असं वर म्हणायची.

लेकीच्या शाळेने पालकांना वर्गात मदतीला बोलावलं, तेव्हा तिने गुरुवारची सकाळ दिली. ड्यूटी दुपारची होती. काम सोपं. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात चिमुकल्या खुर्चीवर कसंबसं मावायचं, दुसरीतल्या एकेका पोराला जवळ बोलवून धड्याचं एक पान वाचून घ्यायचं आणि नीट वाचलं, की भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करायची. मुलं तिला तिकीटकाकू म्हणत.

आता पोटची पोर त्याच वर्गात, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको! तिने लेकीचा नंबर शेवटचा लावला. बावीस मुलं. कुणी अडखळायचं, कुणी मध्येच पडलेल्या दाताची हकिकत सांगायचं. बाविसावी येईपर्यंत घंटा व्हायची. "तुझं घरी ऐकते हं," म्हणून ती लेकीच्या नावापुढे खूण ठोकायची आणि स्टँडकडे पळायची.

अगदीच ऐकत नव्हती असं नाही हो. संध्याकाळी भांडी घासता घासता ऐकायची. पोरगी पुस्तक उघडून घडाघडा म्हणायची, एक अक्षर चुकायची नाही. "शाब्बास माझी वाघीण!" आई नळाच्या आवाजातून ओरडायची. असे अकरा गुरुवार गेले.

मग एका रविवारी तिला कधी नव्हे ती सवड मिळाली. लेकीला शेजारी घेऊन बसली. छत्री हरवलेल्या आजोबांचा धडा होता. पोरीने पान उलटलं, तर दोन पानं एकदम उलटली. समोर भलंमोठं जहाज, पुढचाच धडा. आणि लेक त्या जहाजावर बोट ठेवून खुशाल म्हणत होती, "आजोबांनी पलंगाखाली पाहिलं. आजोबांनी दाराआड पाहिलं."

आईने जहाजाच्या पानावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द वाच बघू." शब्द होता 'वारा'. पोरगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

मागच्या कोपऱ्याला लागूनच लेकीचा बाक होता. दर गुरुवारी एकवीस मुलं तिच्या कानाशी तेच पान वाचायची. एकवीसदा ऐकून कुणाचं पाठ होणार नाही?

गप्प बसावं, असं तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोला? घरीच शिकवू, कोण तक्ता तपासायला येतंय? पण वर्गाच्या बाईंनी त्याच तक्त्यावरून कच्च्या मुलांना निवडलं होतं आणि सोमवारपासून त्यांचा रोजचा जादा तास सुरू होत होता. सोमवारी ती शाळेत गेली आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. अकराच्या अकरा खुणा खोट्या.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अहो, मी तुमच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवला," एवढंच म्हणाल्या. "पाचच मुलं घेता येतात मला. पाची जागा भरल्या. आता पुढची तुकडी दोन महिन्यांनी."

"बाई, एवढ्या वेळेला जरा बघा ना. कुठेतरी बसवून घ्या."

शब्द तोंडातून गेले आणि तिचे कान तापले. हेच शब्द ती खिडकीतून रोज शंभरदा ऐकायची आणि रोज शंभरदा झिडकारायची.

"बसवते की. कुणाला उठवू, तुम्हीच सांगा. पाचीजणांचं वाचन तुम्हीच ऐकलंय."

तिने ऐकलं होतं. पडलेल्या दाताचा त्यातच होता, त्याला अजून जोडाक्षर फुटत नव्हतं. "राहू दे," म्हणाली आणि बाहेर पडली.

त्या दिवशी तिने रजा टाकली. शाळा सुटल्यावर लेकीला घरी आणलं, जहाजाचा धडा उघडला. "आज पहिला नंबर तुझा." मग राहवलं नाही. "अगं, वाचता येत नाही, हे मला सांगायचं नाहीस का?"

लेकीला प्रश्नच कळला नाही. "तू खूण करायचीस ना," ती म्हणाली. "मला वाटलं, मला येतं."