पाल्याच्या खड्ड्यामागं

२०१८ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि लोणावळ्याजवळच्या एका सेमिनरीत माळीकाम करत होतो. सेमिनरी म्हंजे ख्रिस्ती लोकांचे फादर जिथं तयार होतात ती जागा. शिकणाऱ्या पोरांना तिथं ब्रदर म्हणतात. माझा देव वेगळा, त्यांचा वेगळा. एकतीस वर्षांत मी त्यांच्या चॅपलची पायरी चढलो नव्हतो आणि कुणी चढ म्हणालंही नव्हतं.

तिथं नुसतं शिकवत नाहीत, माणूस घडवतात. त्यांचा शब्दच तो, घडण. रोज दुपारी दीड तास सगळ्या ब्रदर लोकांनी बागेत राबायचं, हा त्या घडणीचाच भाग. आणि वर्ष सरताना मुख्य फादर, ज्यांना रेक्टर म्हणतात, ते फणसाखालच्या दगडावर माझ्याशेजारी येऊन बसायचे. एकेका ब्रदरविषयी विचारायचे. अवजार धुऊन ठेवतो का? कुणी बघत नसताना काम करतो का? म्हणायचे, "आबा, पुस्तकातलं आम्ही तपासतो. माणूस कसा आहे ते बाग सांगते." स्वयंपाकाच्या मावशीलाही असंच विचारायचे. एवढ्या पदव्यांचे फादर तिसरी शिकलेल्या माणसाला विचारतात, ह्याचा मला लय ताठा होता. आणि मी कधी खोटं सांगत नाही, ह्याचा त्याहून जास्त.

त्या साली तिसऱ्या वर्षाला एक नगरकडचा ब्रदर होता. शेतकऱ्याचा पोरगा, फावडं बरोबर धरायचा, पण तोंडाचा सैल. काम करता करता म्हणायचा, "आबा, तुमच्या ह्या फणसाला फळं कमी आन शिव्याच जास्त लागत्यात."

मी म्हणायचो, "तुझ्या तोंडाला कुलूप घालील असा बिशप अजून जन्माला यायचाय."

"आला तर त्याची चावी तुमच्यापाशी ठेवायला सांगतो."

ह्या तोंडापायी त्याला दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा नियम मोडला तर घरी जायचं, असं त्याला लिहून दिलेलं होतं. हे बागेत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

त्या सालाच्या आदल्या डिसेंबरात माझा थोरला मुलगा गेला. टेम्पो चालवायचा, खंडाळ्याच्या घाटात गेला. मातीला सारा गाव आला होता. बायामाणसं रडत होती, पुरुष रडत होते. माझ्या डोळ्यातून थेंब आला नाही. लोक म्हणाले, आबा दगडाचा आहे. मला ते बरं वाटलं, हे खरं लिहितो. तेरावा उरकला आणि चौदाव्या दिवशी मी कामावर हजर झालो.

जानेवारीत त्यांचे मौनाचे आठ दिवस असतात. त्या दिवसांत ब्रदर लोकांनी कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. प्रार्थना करायची, जेवायचं, राबायचं, सगळं मुक्यानं. मग मी कामं कशी सांगायची? त्यासाठी माझी रीत होती. सकाळी मी अवजारं मांडून ठेवायचो. ज्या झाडाला कुदळ टेकवली तिथं आळं खणायचं. जिथं टोपली पालथी ठेवली तिथला पाला गोळा करून खड्ड्यात टाकायचा. काम झालं की टोपली सरळ करायची. पालथी टोपली म्हंजे इथलं काम राहिलंय. ही रीत माझी होती. पहिल्या वर्षाच्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायचो.

मौनाचा चौथा दिवस असेल. खतासाठी पाला कुजवायचा खड्डा बागेच्या टोकाला, फणसांच्या मागं होता. तिथं मी एकटाच विळ्याला धार लावत बसलो होतो. काय झालं सांगता येत नाही. कुणी काही बोललं नव्हतं, काही आठवलंही नव्हतं. एकदम घशातून आवाज फुटला आणि थांबेना. तोंडात टोपी कोंबली तरी थांबेना.

तेवढ्यात तो नगरकडचा ब्रदर पाल्याची टोपली घेऊन आला. मला वाटलं, मागं फिरेल. त्यानं टोपली खाली ठेवली आणि शेजारी मातीत बसला.

"आबा, रडा. मी हाय हितं."

"तुझं मौन हाय. ऊठ. जा."

"असूं द्या."

मग तो बोलत राहिला. त्याचा बाप गेला तेव्हा तोही रडला नव्हता, आणि पुढं चार महिन्यांनी बैल धुताना कसा रडला, ते सांगितलं. बैलानं वळून बघितलं म्हणाला. मला रडता रडता हसू आलं. प्रार्थनेची घंटा झाली तरी उठला नाही. शेवटी मीच तोंड पुसलं आणि म्हणालो, "ह्यातलं कुणाला बोललास तर बघ."

"न्हाई बोलणार, आबा. शब्द."

वरच्या व्हरांड्यातून कुणा फादरनं आम्हाला बघितलं होतं. आमच्या पाठी दिसल्या असतील आणि त्याचे हात हलताना दिसले असतील. त्याचे हात बोलताना लय हलायचे.

मौन संपल्यावर दोन दिवसांनी रेक्टर फादर दगडावर येऊन बसले. ते मंगळूरकडचे, मराठी पुस्तकासारखं बोलायचे.

"आबा, हा ब्रदर मौनात तुमच्याशी बोलला का?"

"बोलला."

"काही अडचण होती का? तुमचा मुलगा नुकताच गेला. तुम्हाला काही त्रास होत होता का त्या दिवशी?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मी नुसतं व्हय म्हणायचं होतं.

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणालो. "माझं दुःख माझ्या घरी. गप्पा मारत बसला होता."

फादर उठून गेले. मी विळा घेतला आणि गवत कापायला लागलो. 'बोलला' हा पहिला शब्द तरी खरा होता, अशी माझ्या मनाची समजूत घालत राहिलो.

आठवड्यानं मावशीनं स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली. "आबा, तुमचा तो बडबड्या चाललाय घरी. फादर लोकांनी तीनदा विचारलं म्हणं, कशापायी बोललास. एवढंच म्हणतोय, बोललो, माझी चूक झाली. कारण सांगंना. बोलण्यानं एवढं न्हाई, लपवण्यानं घालवलं त्यांनी. मोकळा न्हाई म्हणत्यात. बडबड्या आन मोकळा न्हाई! तुमाला काय ठाव हाय का?"

"मला काय ठाव असणार?"

"मग चा घ्या," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी चहा न घेताच बागेत गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभा होता. पत्र्याची पेटी पायाशी. लोणावळ्याकडं निघालेल्या गाड्या समोरून हॉर्न वाजवत जात होत्या. मी फाटकाजवळच्या मेंदीच्या कुंपणाला कात्री लावत होतो. मुद्दाम तिथंच काम काढलं होतं मी. रेक्टर फादरांची खोली तिथनं पन्नास पावलं.

तो जवळ आला. "आबा, येतो."

"ये."

"जेवत जा दोन टाईम. वाळलाय."

मी कात्री चालवत राहिलो. त्याच्या तोंडाकडं मी बघितलं नाही. त्यानं दिलेल्या शब्दातनं मी त्याला मोकळं केलं असतं, जा, सांग म्हणालो असतो, तर पेटी आत गेली असती. रिक्षा आली. पेटी पायाशी घेऊन तो बसला आणि गेला. पुढं फादरांनी त्याला दोन पत्रं धाडली. का धाडली ते खाली लिहिलंच आहे. तो परत आला नाही. चाकणकडं कुठल्या कंपनीत असतो, असं मावशी सांगते. बापाची जमीन होती, तीही सुटली म्हणे.

त्या संध्याकाळी अवजारं गोळा करत मी खड्ड्याकडं गेलो. आम्ही बसलो होतो त्या जागी एक टोपली पालथी होती. त्या दिवशी मी तिथं टोपली ठेवली नव्हती. त्यानं जाताना मुद्दाम ठेवली की दुसऱ्या कुणाची राहिली, ते मला आजही ठाऊक नाही. मी ती सरळ केली नाही. तशीच ठेवून घरी गेलो. बायकोनं भाकरी वाढली, ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चॅपलच्या दाराशी गेलो. मिस्सा, म्हंजे त्यांची सकाळची प्रार्थना, सुटली होती, रेक्टर फादर पुढं आणि मागं सगळे ब्रदर रांगेनं बाहेर येत होते. मी वहाणा काढल्या, पायरी चढलो, टोपी हातात घेतली आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "फादर, त्या दिवशी मी रडत होतो. पोरासाठी. तो माझ्यापाशी बसला. गप्पा न्हवत्या. कुणाला सांगू नको, असा शब्द मीच घेतला होता त्याच्याकडनं."

रांग थांबली. फादर म्हणाले, "आबा, हे काल सांगायचं होतं."

मी म्हणालो, "व्हय."

मग खाली उतरलो, खड्ड्यामागं गेलो, टोपली सरळ केली आणि तिथला पाला भरायला लागलो.