टोळाच्या लांब फळ्या

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईला सगळी इमारत टोळ म्हणते. नाव मीच ठेवलं आणि मला त्याचा जरासुद्धा पश्चात्ताप नाही. उंच, हडकुळी, आधी गुडघे येतात आणि मागून बाई. तळमजल्यावर तिचं केस कापायचं दुकान आहे. तिथल्या खुर्चीत बसलं की केसांबरोबर आपली मतंही चार बोटं कमी होऊन मिळतात.

पण नाव चालण्यावरून पडलेलं नाही. बाई उड्या मारते. पायांत दोन लांब स्की, म्हणजे फळ्याच म्हणा, हातात बोटीला बांधलेली दोरी, आणि तळ्यात उभारलेल्या तिरक्या रॅम्पवरून थेट हवेत. मारायची, असं म्हणायला हवं. काही वर्षांपूर्वी वाईट पडली, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून सगळ्यांनी ‘मारायची’ असंच म्हणायचं ठरवून टाकलं. तिला तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

पन्नाशी झाली त्या उन्हाळ्यात ती तळ्यावरच्या क्लबात जाऊन उभी राहिली. म्हणाली, उडी मारायची आहे. तिथला प्रशिक्षक गळ्यात शिट्टी घालूनच झोपत असावा, म्हणून तो शिट्टी. त्याने कोपऱ्यातली शिकाऊ फळ्यांची जोडी काढून दिली. आखूड, मऊ, कडा झिजलेल्या. क्लबात पन्नाशीपुढच्या सगळ्यांना हीच जोडी. रॅम्पवरून घसरायचं, पाण्यात टपकायचं, काठावरच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

“हौस भागते, काकू,” शिट्टी म्हणाला.

“काकू कुणाला म्हणतोस रे? पुढच्या महिन्यात माझ्याच खुर्चीत मान खाली घालून बसायचंय तुला.”

मग तिने ती शिकाऊ फळी दोन खुर्च्यांवर आडवी टाकली आणि मधोमध तळहाताने दाबली. फळी गादीसारखी खाली गेली. “बघ. रॅम्पने दिलेला सगळा धक्का हीच गिळणार. मला काय देणार, ढेकर?”

वाद वाढला. काठावरची माणसं हसायला लागली तसा शिट्टी चिडला. “ठीक आहे. तुमच्या मनासारख्या फळ्या आणा. एक उडी. उतरून उभ्या राहिलात तर रॅम्प तुमचा, वाटेल तेवढ्या मारा. पडलात तर पुन्हा रॅम्पचं नाव काढायचं नाही.”

“चालेल,” टोळ म्हणाली. हे तिने घरी सांगितलं नाही. मी सांगितलं. शेजार कशाला असतो?

फळ्या तिला एका तरण्या मुलाकडून मिळाल्या. लग्न ठरल्यावर त्याने उड्या सोडल्या होत्या, म्हणजे त्याच्या होणाऱ्या बायकोने सोडवल्या होत्या. टोळ आधीच ताडमाड, आणि या फळ्या तिच्याही डोक्याच्या वर वीतभर. जिन्याच्या वळणावर अडकल्या तेव्हा अर्धी इमारत बाहेर आली.

“अगं, एवढ्या लांब कशाला?” मी विचारलं.

“हवेत अंग टाकायला जागा नको? आखूड फळीवरून माणूस धोंड्यासारखा खाली येतो. लांब फळी हवेवर टेकते.”

“आणि पाण्यात वळवताना?”

“तिथे त्रास देते. देऊ दे. त्रास देणाऱ्या माणसाबरोबर मी संसार केलाय.”

हा संसार म्हणजे आमचे भावजी. खिडक्या-दारं बसवायचं काम करतात. मऊ बोलणारा माणूस, वरच्या खिशात कायम स्क्रूड्रायव्हर. त्या दिवशी ते दारात उभे राहून नुसते तिच्या गुडघ्याकडे बघत होते.

पुढचे दिवस आमचा पॅसेज म्हणजे कारखाना. टोळ स्टीलची पट्टी फळीच्या तळावर उभी धरायची आणि खालून उजेड दिसतो का बघायची, कुठे खळगा असला तर कळतो म्हणून. शेपटीकडचे छोटे पंख दोन्ही फळ्यांवर अगदी सरळ केले. “यातला एक जरी वाकडा राहिला ना, तर एक पाय सासरी जाईल, एक माहेरी.” टाचेकडचं रबर तिने मुद्दाम फार घट्ट केलं नाही. पडताना पाय सुटला पाहिजे, नाहीतर फळी गुडघा घेऊन जाते, हे ती अनुभवाने शिकली होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला पायातले बूट बसवण्यात. बुटाच्या पत्र्याखाली भोकांची रांग असते. बूट पुढच्या भोकांत गेला की फळीचं नाक जड, मागच्यात गेला की हलकं. ती बूट बसवायची, फळी बोटावर तोलायची, पुन्हा उघडायची. शेवटी हवी ती जागा सापडली आणि तोल येतो तिथे तिने दुकानातली लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. मी म्हटलं, “नटवलीस की गं सवतीला!”

उडीच्या दिवशी अख्खा मजला तळ्यावर. बोट चालवायला होती टोळाची नणंद. तिचं नि टोळाचं पटत नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शिट्टीने मुद्दाम तिलाच बसवलं असावं.

टोळ धक्क्यावर आली. हेल्मेट, जाड पोशाख, बूट सहज चढावेत म्हणून पायांना साबणाचं पाणी. बुटात पाय घालण्याआधी तिने सवयीने फळी उचलून लाल रेघेवर, बोटावर धरली. फळीने नाक खाली टाकलं. दुसरी धरली. तिनेही टाकलं.

टोळ सावकाश वळली. सगळी माणसं होती, पण तिने एकाकडेच बघितलं.

“अहो, बूट पुढे कुणी सरकवले?”

भावजींचा चेहरा पडला. “शिट्टी म्हणाला, पुढे घेतले की टोकं वर उचलली जात नाहीत. पाठीवर पडायची भीती नाही...”

“आणि लांब फळीचं टोक पाण्यात खुपसलं की तोंडावर पडायची भीती नाही वाटतं?”

“अगं, मला ते पुन्हा बघायचं नाहीये.” हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला दोन पावलं पुढे सरकावं लागलं. “हॉस्पिटलात तू झोपलीस. मी जागा होतो.”

क्षणभर वाटलं, आता ही हेल्मेट काढणार. शिट्टीलाही तसंच वाटलं असावं. “राहू द्या,” तो म्हणाला. “घरचेच नको म्हणतायत. पोरं खोळंबलीत, वेळ झाला.” आणि त्याने शिट्टी फुंकली.

टोळाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही फळ्या नवऱ्यापुढे ठेवल्या.

“तुम्ही जागे होतात, मला माहीत आहे. पण त्यानंतर इतकी वर्षं मी जपून चालतेय, जपून वाकतेय, जपून हसतेय. असं जपून मला म्हातारं व्हायचं नाही. पडले तर माझ्या मापाने पडेन, त्याच्या नाही. तुम्ही सरकवलेत ना? तुम्हीच बसवा.”

“वेळ संपला!” शिट्टी ओरडला.

तेवढ्यात बोटीचं इंजिन बंद पडलं. पडलं कसलं, नणंदेने चावी काढून हातात घेतली होती. “माझ्या वहिनीची तयारी झाल्याशिवाय बोट हलणार नाही. तुला घाई असेल तर पोहत ओढ तिला.” मी या दोघींना इतकी वर्षं ओळखते, पण माझा जबडा लटकला तो लटकलाच.

भावजी धक्क्यावर गुडघे टेकून बसले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. बूट पुन्हा आधीच्या भोकांत आणले आणि एकेक स्क्रू नीट आवळला. मग स्वतःच फळी उचलून बोटावर धरली. लाल रेघेवर ती आडवी, सरळ राहिली. त्यांनी बायकोचा पाय बुटात घातला आणि मान वर न करता म्हणाले, “जा.”

बोट निघाली. टोळ वाकून, दोरी कमरेशी घट्ट धरून बोटीच्या लाटा आडव्या कापत सुसाट आली. फळ्या रॅम्पवर धाडकन वाजल्या आणि बाई वर. लांब फळ्या हवेवर टेकल्या खऱ्याच. माझ्या तोंडून जे निघालं ते छापण्यासारखं नाही.

उतरली ती मात्र काही देखणी नाही. बुडाने पाणी फाडलं, एक फळी तिरकी झाली, डावा गुडघा दुमडला. भावजींनी डोळे मिटले. फेसात ती दिसेनाशी झाली, आणि मग फेसातून आधी गुडघे आले, मागून बाई. दोरी हातातच होती.

“उभी आहे हो!” मी भावजींना गदागदा हलवलं. “डोळे उघडा!”

शिट्टी जोरजोरात शिट्टी फुंकत हात हलवत होता. बास, परत आणा, झालं ते पुष्कळ झालं. धक्क्यासमोरून जाताना टोळाने एक हात दोरीवरून काढला. आम्हाला वाटलं, टाटा करतेय. तिने अंगठा वर केला. बोट चालवणारीला त्याचा अर्थ एकच कळतो: वेग वाढव.

नणंदेने वाढवला, आणि बोट पुन्हा रॅम्पकडे वळली.