साडू गेला त्या वाटेने

अकोल्यापासून समुद्र सहाशे किलोमीटरवर आहे आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती साडूबद्दल. ते अमरावतीला, म्हणजे जेमतेम शंभर किलोमीटरवर राहतात!

विलासराव हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गेल्या वर्षी ते एकटेच अंदमानातल्या कुठल्याशा आडबाजूच्या बेटावर गेले. तिथे मोटाररस्ता होण्याआधी लोक किनाऱ्याकिनाऱ्याने चालत, ती जुनी पायवाट अजून आहे. थेट टोकाच्या दीपगृहापर्यंत. विलासराव ती अडीच तासांत चालले. दीपगृहापुढे कमरेवर हात ठेवून फोटो काढला. तेव्हापासून वलगावला, आमच्या सासुरवाडीला, वरणाच्या वाटीपासून पानाच्या विड्यापर्यंत ते बेटच चालायचं.

आणि घरी मंदा, म्हणजे आमची ही.

"भाऊजी साठीत आठ किलोमीटर चालले. तुमी त कोपऱ्यावर भाजी आनाले बी गाडी काढता!"

"अवं, भाजीचं वजन असते."

"अर्ध्या पाव सांभाराचं?" (सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तिचं वजन मला सिद्ध करता आलं नाही.)

मेव्हण्याच्या मुलीचं लग्न महिनाभरावर आलं होतं. सगळी सासुरवाडी एका मांडवात! त्याआधी तीच वाट, तेच दीपगृह आणि अडीच तासांपेक्षा कमी वेळ, एवढं जमलं नाही तर मला त्या मांडवात तोंड दाखवायला जागा नव्हती. मी विमानाची तिकिटं काढली. मंदाला सांगितलं, आपण दोघं निसर्ग पाहायला चाललोय. ती म्हणाली, "कोनता निसर्ग, भाऊजीचा?"

बेटावर ज्या बाईंकडे उतरलो त्यांनी सकाळीच बजावलं, "ग्यारह बजे से पहले बड़ा पत्थर पार कर लेना. पानी चढ़ता है."

मी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. आता आमच्या वऱ्हाडात पाणी चढायचे प्रकार दोनच. एक तर वरच्या अंगाला धो धो पाऊस पडतो, नाहीतर धरणाची दारं उघडतात, आणि तेव्हाही आधी भोंगा वाजतो. इथे पाऊस नाही, धरण नाही, भोंगा नाही. मग पाणी येईलच कुठून? मी हसून मान हलवली.

वाट सुरेख होती. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला समुद्र, मधून वाळूची पट्टी. पहिला अर्धा तास मी साडूच्या पुढे होतो. पण विलासरावांचे फोटो सात. मला निदान चाळीस हवे होते! खेकड्यासोबत एक, खेकडा पळाल्यावर एक, विचारमग्न असे चार. मोठ्या दगडापाशी पोचेपर्यंत साडेअकरा झाले. तिथे अनवाणी फोटोसाठी बूट काढून वाळूत ठेवले आणि दगडावर चढलो.

"अहो," मंदा म्हणाली, "वाळू कुठी गेली?"

वाळू नव्हती. मागेही नव्हती, पुढेही नव्हती. माझे बूट जोडीने तरंगत होते आणि माझ्याआधी दीपगृहाकडे निघाले होते!

"अरे बाप्पा! लवकर वर ये! धरण सोडलं वाटते!"

मंदाही दगडावर चढली. माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुमी शाळेत काय शिकवता?"

मी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडू लागलो.

"बोला ना. बावीस वर्षं काय शिकवून राहिले?"

"भूगोल."

(चंद्र, पृथ्वी, दोन्हीकडे फुगलेलं पाणी. आकृतीसह स्पष्ट करा. भरती-ओहोटी चार मार्कांना येते हे मला पाठ होतं, ती पायाच्या घोट्यालाही येते हे पुस्तकात नव्हतं!)

पुढचे दोन तास आम्ही त्या दगडावर होतो. फोनला रेंज नाही. पाणी पायाला लागलं तसा मी "बचाओ! बचाओ!" सुरू केलं. मंदा शांतपणे म्हणाली, "हिंदीतच काहून? समुद्राले मराठी नाही समजत?"

शेवटी एक म्हातारा कोळी होडी घेऊन आला. आम्हाला उतरवून घेतलं आणि विचारलं, "कहाँ से आए?"

"अकोला."

"अच्छा! वो अमरावती के पास?"

माणूस बुडता बुडता वाचला म्हणून त्याला असं बोलावं का?

"अमरावती कैसे मालूम?" मी विचारलं.

"पिछले साल वहीं के साब को उतारा था. इसी पत्थर से. विलास साब. फिर बोट से लाइटहाउस छोड़ा. फोटो हमने ही खींचा."

माझ्या कानात सनई-चौघडा वाजू लागला. बोट! साडू होडीतून गेला! वर्षभर ज्या अडीच तासांनी माझी झोप उडवली, त्यातला कितीतरी वेळ हा गृहस्थ दगडावर अडकून बसला होता! मी मंदाकडे विजयी नजरेने पाहिलं. आता एकच गोष्ट ऐकायची राहिली होती.

"बहुत डर गए होंगे? चिल्ला रहे थे?"

"नहीं साब. पालथी मारकर संतरा खा रहे थे. दो फाँक हमको भी दिया."

मग मंदाने समुद्राकडे पाहत कौतुकाने मान डोलावली.

"पाहा! भाऊजी फसले बी त कसे शांततेत फसले!"

मग मीही साडूसारखी होडीत मांडी घातली, पाठ ताठ केली आणि चेहऱ्यावर जमेल तेवढी शांतता आणून बसलो.

म्हाताऱ्याने घाईघाईने वल्हं थांबवलं.

"साब, उलटी आ रही है क्या? उधर मुँह करो!"