जमिनीलगतची वाफ

बादलीतले अर्धे कपडे पिळून झाले होते, अर्धे अजून साबणात होते. तेवढ्यात सूनबाई चपलांच्या कारखान्यातून परतली ती उंबऱ्यातच बसली. चेहरा पांढराफटक. "आई, गरगरतंय हो." तिला तिसरा महिना चालू होता. डिंकमावशींनी तिला कुशीवर निजवलं, शेजारणीला उशाशी बसवलं, डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला, देवाचं नाव घेतलं आणि पदराला हात पुसत त्या तरातरा त्याच कारखान्याकडे निघाल्या.

डिंकमावशी हे नाव कारखान्याचंच. बावीस वर्षं त्या तिथे तळव्यांना डिंक लावत होत्या. डिंक घट्ट झाला की त्यात टोल्यूइन ओतायचं. दिसायला पाणी, वासाला गोडसर. डिंक पातळ करतं आणि बघता बघता उडून जातं, म्हणून तळवा चटकन चिकटतो. रंगाच्या थिनरमध्येही तेच असतं. बायका तर जेवणाआधी बोटांचा डिंकही त्यानेच पुसायच्या.

पण उडून जातं कुठे? त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. आणि बायका बसतात जमिनीवर, पाटावर! चुलीचा धूर वर जातो तशी हीही वर जाईल, असं समजून शहाण्यांनी हवा बाहेर ओढणारा पंखा लावला छताशी. टोल्यूइनच्या पिंपावरचा धोक्याच्या सूचनांचा कागद मावशींनी अक्षर अक्षर लावून वाचला होता. पंखा खाली घ्या, म्हणून मालकाला तीनदा सांगितलं होतं.

"मावशी, आज सुट्टी ना तुमची? करमत नाही वाटतं!" मुकादम हसला.

"बस इथे." मावशींनी सुनेचा रिकामा पाट दाखवला.

"मी?"

"तूच. दहा मिनिटं डिंक ढवळ."

"बसा की मुकादम, पाट चावत नाही!" बायका खिदळल्या.

पाचव्या मिनिटाला त्याचे डोळे चुरचुरले. उठताना झोकांडी गेली.

"काय रे, वर पंखा फिरतोय की! हवा कुणाची ओढतोय, पालींची?"

ओशाळून तो मालकाच्या खोलीत गेला. परतला तेव्हा नजर जमिनीवर होती. "मालक म्हणतात, पंखा खाली घ्यायला भिंत फोडता येणार नाही. सूनबाईंना झेपत नसेल तर घरी बसवा."

"घरी बसवू? आणि उद्या या पाटावर कुणाची लेक बसवणार?" मावशी मालकाच्या दाराकडे वळल्या. "देवाने श्वास सगळ्यांना सारखाच दिलाय. तो छताशी टांगायला तुम्ही कोण रे?"

खोलीचं दार आतून लागलं.

मावशींनी चपलांच्या खोक्याचं झाकण ओढलं आणि पिंपावरचा मजकूर त्यावर जसाच्या तसा उतरवला. खाली सात जणींनी सह्या केल्या. आठवी घाबरली, मग तिनेही केली.

झाकण काखेत मारून मावशी कारखाना निरीक्षकाच्या कचेरीत तक्रार द्यायला निघाल्या.